‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ म्हणून परत पाठवलं, तर पुढे काय करायचं?

‘गॅस असेल.’ ‘वय झालं आता.’ ‘रिपोर्ट तर सगळे नॉर्मल आहेत.’ ‘लग्न झालं की पाळीचं दुखणं आपोआप कमी होईल.’ यातलं काहीतरी ऐकून दवाखान्याच्या पायऱ्या उतरलेली माणसं पुढे एकतर गप्प बसतात, नाहीतर डॉक्टर बदलतात. गप्प बसलं की दुखणं अंगावर निघतं. डॉक्टर बदलला की सगळं पहिल्यापासून सुरू होतं, आणि नवा डॉक्टरही बहुधा तीच ॲसिडिटीची गोळी लिहून देतो.

डॉक्टर लक्ष देत नाहीत याचं कारण दर वेळी बेफिकिरी नसतं. प्राथमिक तपासणीला कुठल्या देशात किती वेळ मिळतो याचा आढावा २०१७ साली बीएमजे ओपन या नियतकालिकात आला होता. त्यात भारताचा आकडा सुमारे दोन मिनिटांचा होता. एवढ्या वेळात डॉक्टरच्या हाती दोनच गोष्टी लागतात: तुमचं पहिलं वाक्य आणि समोरचा केसपेपर. पहिल्या वाक्यात ‘अंग मोडून येतं, करमत नाही’ असं आलं, तर केसपेपरवर एखादं टॉनिक आणि झोपेची गोळी उतरते. आणि जे केसपेपरवर उतरलं नाही, ते पुढच्या डॉक्टरच्या लेखी कधी घडलेलंच नसतं. म्हणून सगळी खटपट तक्रार नेमक्या शब्दांत कागदावर आणण्यासाठी करायची.

आधी हे तपासा: वाद घालत बसायची वेळ आहे का?

काही लक्षणांत समजावत बसण्यात वेळ घालवायचा नसतो. छातीत दाब किंवा आवळल्यासारखं वाटणं, सोबत घाम, दम, मळमळ, जबडा, पाठ किंवा डाव्या हातात कळ. अचानक तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं. आयुष्यात कधी झाली नाही अशी एकाएकी आलेली प्रचंड डोकेदुखी. गरोदरपणात रक्तस्राव, किंवा डोकेदुखीबरोबर डोळ्यांपुढे अंधारी. यातलं काहीही असेल तर फॅमिली डॉक्टरांनी ‘उद्या बघू’ म्हटलं तरी थेट मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. महाराष्ट्रात १०८ वर रुग्णवाहिका मिळते. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळे ‘शेवटचं अगदी ठीक कधी होते’ ती वेळ घड्याळात बघून सांगा.

छातीच्या दुखण्याला ‘गॅस’ म्हणून घरी पाठवणं इतकं सर्रास चालतं की त्याबद्दल वेगळं सांगायला हवं. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छातीतली ती ठरावीक कळ नसूही शकते. दम, मळमळ, विलक्षण थकवा एवढंच दिसतं. कॅज्युअल्टीत पोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी निघावा अशी वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वांची अपेक्षा आहे. पण पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे हार्ट अटॅक नाहीच, असं होत नाही. दुखणं चालू असेल तर ईसीजी पुन्हा काढतात. रक्तातली ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) तपासणीही काही तासांनी परत करतात, कारण ट्रोपोनिन वाढायला वेळ लागतो. विचारायचं वाक्य एवढंच: ‘डॉक्टर, दुखणं अजून आहे. ईसीजी परत काढायचा का? ट्रोपोनिन दुसऱ्यांदा कधी करणार?’ घरी जा म्हणाले, तर दुसरी ट्रोपोनिन झाली का, एवढं विचारूनच उठा.

एक पान, त्याहून जास्त नाही

तातडीचं काही नसेल तर पुढच्या भेटीआधी सात ते चौदा दिवस नोंद ठेवा. वही भरून नेऊ नका, ती कोणी वाचत नाही. नोंद घरी हवी तेवढी ठेवा, पण डॉक्टरांपुढे त्यावरून केलेलं एकच पान ठेवा, वाचता येईल अशा अक्षरात. त्यात काय हवं?

कधीपासून, ते तारखेसकट किंवा निदान सणावारासकट. ‘बरेच दिवस’ चालत नाही, ‘गणपतीपासून’ चालतं. किती वेळा आणि किती वेळ. कशाने वाढतं, कशाने कमी होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याने कुठलं काम बंद पडलं. दुखण्याला दहापैकी आठ गुण दिले तर डॉक्टरला फारसं कळत नाही, कारण दहापैकी आठ म्हणत हसत खुर्चीत बसलेले रुग्ण तो रोज पाहतो. ‘पूर्वी दोन मजले सलग चढायचे, आता पहिल्या मजल्यावर थांबावं लागतं’ हे मात्र त्याला लगेच कळतं. ‘महिन्यातून दोन दिवस कामावर जाता येत नाही’, ‘रात्री कुशीवर वळताना जाग येते’, ‘भाकरी थापताना हातातली ताकद जाते’ अशी वाक्यं लिहा.

मोजता येण्यासारखं असेल ते मोजा. ताप म्हणजे हात लावून नाही. थर्मामीटरने, दिवसातून चार वेळा, वेळेसकट. रक्तदाब घरी मोजताना पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, दंड छातीच्या पातळीवर ठेवून, सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, मधे एक मिनिट थांबून, असा सात दिवस. घरच्या मोजणीची सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर ‘दवाखान्यात आल्यावर घाबरून वाढतं’ हे उत्तर पुरत नाही. वजन आपोआप उतरत असेल तर एकाच काट्यावर, सकाळी, सारख्याच कपड्यांत करा. सहा महिने ते वर्षभरात काहीही प्रयत्न न करता पाच टक्क्यांहून जास्त वजन जाणं ही दखल घ्यायची गोष्ट आहे. ६० किलोच्या माणसाचे ते ३ किलो होतात. पाळीत जास्त जातं असं नुसतं सांगण्यापेक्षा पॅड किती तासांनी बदलावं लागतं, रात्री उठून बदलावं लागतं का, गाठी पडतात का, हे लिहा.

पानाच्या तळाशी औषधं. इथे लोक हमखास चुकतात, कारण मेडिकलवाल्याकडून घेतलेली पेनकिलर, आयुर्वेदिक काढा, जिममधली पावडर, केसांसाठीची गोळी हे त्यांना ‘औषध’ वाटतच नाही. केसांच्या गोळीत बायोटिन हे जीवनसत्त्व जास्त असेल तर थायरॉईडचा आणि ट्रोपोनिनचाही रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. कुणी सांध्यांसाठी बिननावाच्या पुड्या देत असेल तर तेही सांगा, त्यात स्टेरॉइड असू शकतं. नावं पाठ नसतील तर स्ट्रिपच्या नावाच्या बाजूचे फोटो काढून ठेवा.

जुने कागद तारखेप्रमाणे लावा, ताजा सगळ्यात वर. एक्स-रे, सीटी, एमआरआय असेल तर नुसता रिपोर्ट पुरत नाही. फिल्म किंवा सीडीही न्या, कारण दुसरा डॉक्टर चित्र स्वतः बघतो.

खोलीत गेल्यावर

पहिलं वाक्य घरी ठरवून जा. ‘डॉक्टर, तीन महिन्यांपासून रोज संध्याकाळी ताप येतोय, चार किलो वजन गेलंय, हे पान बघता का?’ बस्स. सतरा तक्रारी एका दमात सांगितल्या की सगळ्यात किरकोळ तक्रारीवर गोळी मिळते. या भेटीत कुठली एक तक्रार सुटायला हवी ते ठरवा आणि बाकीच्यांसाठी पुन्हा या.

‘मला थायरॉईडच आहे, नेटवर वाचलं’ असं सुरू केलं की पुढची दोन मिनिटं थायरॉईड नाही हे पटवण्यात जातात. शंका जरूर मांडा, पण लक्षणं सांगून झाल्यावर आणि प्रश्नाच्या रूपात: ‘आमच्या आईला थायरॉईड होता, त्यामुळे ती भीती वाटते. तो नाही हे कशावरून म्हणता येईल?’

सोबत कुणाला नेलं तर भूमिका आधी वाटून घ्या. नवरा, सासूबाई किंवा मुलगा बाईच्या वतीने बोलू लागला की डॉक्टर त्याच्याकडेच बघून बोलतो आणि ‘ती जरा जास्तच मनाला लावून घेते’ हे वाक्य केसपेपरच्याही आधी डोक्यात बसतं. सोबतच्याने दोनच कामं करावीत: डॉक्टर काय म्हणाले ते लिहून घेणं, आणि स्वतः पाहिलेली एखादी गोष्ट सांगणं. ‘रात्री ही उठून बसते, मी पाहिलंय’ याचं वजन मोठं असतं. पुरुष डॉक्टर तपासत असतील तेव्हा दुसरी स्त्री हजर असावी, हा राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेतला हक्क आहे; संकोच न करता मागा.

आणि तपासायला सांगा. पोट दुखतंय आणि पोटाला हात न लावता चिठ्ठी मिळाली, असं रोज होतं. ‘डॉक्टर, एकदा हात लावून बघता का, नेमकं कुठे दुखतं ते दाखवते’ या वाक्याला क्वचितच कुणी नाही म्हणतं.

‘काही नाही’ हे उत्तर आल्यावर

इथे आवाज चढवू नका आणि उठूनही जाऊ नका. तीन प्रश्न विचारा. ‘हे आणखी कशामुळे असू शकेल?’ ‘तो गंभीर आजार नाही हे कशावरून ठरलं?’ ‘या गोळ्यांनी किती दिवसांत फरक पडायला हवा, आणि नाही पडला तर पुढची पायरी काय?’ तिसरा प्रश्न सगळ्यात उपयोगी, कारण त्यातून मुदत मिळते. ‘दहा दिवसांत फरक नाही पडला तर सोनोग्राफी करू’ हे एकदा म्हटलं गेलं की अकराव्या दिवशी तुम्ही तक्रार करायला नाही, ठरल्याप्रमाणे आलेले असता.

‘टेन्शन आहे’ या उत्तराचंही तसंच. नैराश्य आणि चिंतेचे आजार खरे असतात, ते छातीत धडधड आणि पोटात गोळा आणूही शकतात, आणि त्यांचे उपचारही असतात. पण त्यांचं निदान प्रश्न विचारून होतं: झोप, भूक, कशात रस वाटतो का, दोन आठवड्यांहून जास्त काळ असं आहे का. यातलं काहीच न विचारता ‘टेन्शन’ म्हटलं असेल तर ते निदान नाही. ‘टेन्शन असेल तर त्याचेही उपचार करू, पण शरीराचं काय काय तपासून झालं ते सांगाल का?’ असं म्हणा. ते खरंच मानसिक निघालं तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला लाजू नका. लाजेपायी त्या दिशेचं दुखणंही तितकीच वर्षं अंगावर निघतं.

‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणजे नेमकं काय नॉर्मल?

गफलत सगळ्यात जास्त इथे होते, म्हणून जरा थांबू. रिपोर्ट नॉर्मल असणं म्हणजे जी तपासणी केली तिच्यात काही दिसलं नाही. योग्य तपासणी झाली का, हा वेगळा प्रश्न.

सततचा थकवा, केस गळणं, चढताना धाप ही तक्रार घेऊन गेलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२.२ येतं. गरोदर नसलेल्या बाईत १२ च्या खाली अॅनिमिया धरतात, म्हणून ‘नॉर्मल’. पण शरीरातला लोहाचा साठा आधी संपतो आणि हिमोग्लोबिन नंतर उतरतं. साठा बघायचा तर फेरिटिन करावं लागतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांत १५ च्या खालचं फेरिटिन लोहाची कमतरता मानते. अनेक डॉक्टर ते ३० च्या खाली असलं तरी उपचार सुरू करतात. त्यातही मेख आहे: अंगात संसर्ग किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटं वाढतं, म्हणून सर्दी-तापात केलेलं ‘चांगलं’ फेरिटिन फसवं असू शकतं. आणि लोह कमी निघालं तर ते कुठे जातंय हा पुढचा प्रश्न विचारायलाच हवा. बाईत पाळीचा रक्तस्राव, पुरुषात आणि पाळी थांबलेल्या बाईत पोटातून होणारा छुपा रक्तस्राव. नुसत्या लोहाच्या गोळ्या घेऊन घरी येऊ नका.

पाळीत असह्य दुखतं, शौचाला किंवा संबंधांच्या वेळी दुखतं, आणि सोनोग्राफी स्वच्छ. एंडोमेट्रिओसिसचे (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) वरवरचे डाग सोनोग्राफीत दिसतच नाहीत, त्यामुळे नॉर्मल सोनोग्राफीने तो आजार नाकारता येत नाही. प्रजननक्षम वयातल्या दहापैकी सुमारे एका बाईला हा आजार असतो असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि निदानाला अनेक वर्षं जातात. ‘मूल झालं की बरं होईल’ हा त्यावर उपचार नव्हे. नेमका आजार दुर्बिणीतून बघण्याआधीही लक्षणांवरून हार्मोनची औषधं सुरू करता येतात. ‘सोनोग्राफीत दिसत नाही असा एंडोमेट्रिओसिस असू शकतो का, आणि तो धरून उपचार करून बघता येतील का?’ हे स्त्रीरोगतज्ज्ञांना थेट विचारा.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा ताप, रात्री घाम, वजन उतरणं, आणि तीन डॉक्टरांकडून तीन अँटिबायोटिक्स. फ्लोरोक्विनोलोन गटातली अँटिबायोटिक्स (लेव्होफ्लॉक्सासिन त्यातलंच) टीबीला थोडे दिवस दाबून टाकतात, बरं वाटतं आणि निदान लांबतं. बेडक्यातले टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी सरकारी केंद्रांवर मोफत होते; त्यासाठी कुणा मोठ्या डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पालिकेच्या दवाखान्यात जाऊन सांगितलं तरी चालतं. मानेत गाठ असेल तर छातीचा एक्स-रे स्वच्छ असूनही गाठीत टीबी असू शकतो, तिथे गाठीतलं पाणी सुईने काढून तपासावं लागतं. टीबीसाठीची सरकारी निक्षय हेल्पलाइन १८००-११-६६६६.

या सगळ्यावर उपाय म्हणून ‘फुल बॉडी चेकअप’ची पॅकेजं घेऊ नका. सत्तर तपासण्यांत दोन-तीन आकडे हमखास इकडेतिकडे निघतात आणि डॉक्टरचं लक्ष मूळ तक्रारीवरून त्यांच्याकडे जातं.

कागदावर आणा

तपासणी नाकारली असेल तर शांतपणे म्हणा: ‘ठीक आहे डॉक्टर, फक्त केसपेपरवर माझी तक्रार आणि ही तपासणी सध्या गरजेची वाटत नाही असं लिहून द्याल का?’ यात धमकी नको, सूर साधा हवा. लिहायला पेन उचललं की बरेच डॉक्टर पुन्हा एकदा विचार करतात, आणि तपासणी लिहूनही देतात. नाही दिली तरी पुढच्या डॉक्टरला काय झालं ते कळतं. मोबाईलवर चोरून रेकॉर्डिंग करण्याच्या फंदात पडू नका. कळलं की संवाद तिथेच संपतो.

दाखल झाला होतात तर डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत वैद्यकीय कागदपत्रं द्यावी लागतात, आणि दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपाव्या लागतात. अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. सरकारी रुग्णालय टाळाटाळ करत असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो, त्याचं उत्तर ३० दिवसांत यायला हवं.

दुसरं मत कसं घ्यायचं

दुसरं मत मागणं हा रुग्ण हक्क सनदेनुसार तुमचा हक्क आहे, त्यात पहिल्या डॉक्टरचा अपमान नाही. फॅमिली डॉक्टरशी वर्षांचे संबंध असतात म्हणून लोक चोरून जातात आणि मग रिपोर्ट मागायला संकोचतात. ‘तुमच्या ओळखीच्या एखाद्या एमडींना दाखवावं असं वाटतं, चिठ्ठी द्याल का?’ असं विचारलं तर संबंधही टिकतात आणि चिठ्ठीत आतापर्यंतचा इतिहासही येतो.

कुणाकडे जायचं हे कळत नसेल तर आधी एमडी मेडिसिन. थेट सुपरस्पेशालिस्टकडे गेलं की तो आपल्या अवयवापुरतं बघतो, ‘हृदय ठीक आहे’ म्हणतो आणि प्रकरण तिथेच थांबतं. दुसऱ्या डॉक्टरला पहिल्याचं निदान सुरुवातीलाच सांगू नका; आधी तुमचं पान द्या, मत होऊ द्या, मग जुनी फाईल पुढे करा. फाईल लपवू मात्र नका, नाहीतर त्याच तपासण्यांचे पैसे पुन्हा जातील.

महापालिकेच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात प्रत्येक युनिटचे, म्हणजे डॉक्टरांच्या गटाचे, वार ठरलेले असतात. त्याच वारी गेलं तर तेच युनिट बघतं. ओपीडीत पहिल्यांदा भेटतात ते बहुधा शिकाऊ निवासी डॉक्टर; त्यांनी परत पाठवलं तर ‘एकदा सरांना किंवा मॅडमना दाखवता का?’ एवढं म्हणा. त्यांनाही ते सोयीचंच असतं. त्या युनिटकडून काम होत नसेल तर दुसऱ्या वारी दुसरं युनिट बघतं. पण दर दोन आठवड्यांनी डॉक्टर बदलत राहिलात तर कुणाच्याच औषधाला पुरता वेळ मिळत नाही आणि आजार कसा पुढे सरकतोय हे कुणालाच दिसत नाही.

तक्रार कुठे आणि कधी

डॉक्टरचं मत चुकलं, उद्धटपणे बोलले, आणि हलगर्जीपणा केला, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने निर्णयातली चूक म्हणजेच निष्काळजीपणा नव्हे असं स्पष्ट केलंय. उद्धटपणाची किंवा तपासायलाच नकार दिल्याची तक्रार आधी रुग्णालयाच्या अधीक्षकांकडे किंवा व्यवस्थापनाकडे, लेखी. खाजगी रुग्णालयांना रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं २०२१ साली सुधारलेल्या महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नियमांनी बंधनकारक केलंय. तिथे दाद लागली नाही तर महापालिकेचा आरोग्य विभाग किंवा जिल्ह्याचं आरोग्य प्रशासन.

ॲलोपॅथी डॉक्टरच्या वर्तनाबद्दल महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, आयुर्वेद आणि युनानीसाठी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन. कौन्सिल ताकीद देऊ शकते, नोंदणी निलंबित करू शकते, पण नुकसानभरपाई देत नाही. भरपाईसाठी ग्राहक आयोग: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. सर्वांनाच पूर्ण मोफत उपचार देणाऱ्या सरकारी रुग्णालयाविरुद्ध मात्र तिथे जाता येत नाही.

तक्रारीला जोडायचे ते कागद झेरॉक्स असू द्या. मूळ फाईल घरीच हवी, कारण तक्रार चालू असतानाच ती घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं असतं.